राहत्या घरावर बँकेकडून दरमहा रक्कम : आमचा नऊ महिन्यांचा अनुभव

मे २०२३ मध्ये अस्थिरोगतज्ज्ञांनी माझ्या पत्नीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आता फार काळ पुढे ढकलता येणार नाही असे सांगितले, आणि त्याच संध्याकाळी मी घरखर्चाची वही काढून बसलो. भोसरीच्या एका खासगी कारखान्यातून मी २०१३ मध्ये निवृत्त झालो. भविष्यनिर्वाह निधीची कर्मचारी पेन्शन दरमहा २,४६० रुपये येते. एप्रिल २०२३ मध्ये मी शिल्लक ठेवींपैकी ६ लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवले होते. तेव्हाच्या ८.२ टक्के दराने त्याचे तिमाहीला १२,३०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,१०० रुपये मिळत होते. दोन्ही मिळून ६,५६० रुपयांचे उत्पन्न आणि औषधपाण्यासह २४,००० रुपयांच्या आसपास खर्च, अशी आमची स्थिती होती. बंगळुरूला असलेला मुलगा दरमहा १०,००० रुपये पाठवत असे आणि उरलेली तूट मुदतठेव मोडून भरली जात असे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयाचे बिल भरल्यापासून त्या ठेवीतही फारसे काही उरलेले नव्हते.

दुसरीकडे, ज्या घरात बसून मी ही बेरीज करत होतो ते पुण्यातल्या कर्वेनगरमधले दोन बेडरूमचे घर पूर्णपणे आमचे होते. १९९४ मध्ये करारनामा झाला आणि २००६ मध्ये गृहकर्ज फिटले. घराची किंमत वाढत होती, पण त्यातला एक रुपयाही किराणा दुकानात चालत नव्हता. हे माझ्या पिढीतल्या अनेकांचे वास्तव आहे, म्हणून सगळे तपशील मांडून लिहीत आहे.

सुरुवातीला आम्ही तीन पर्यायांचा विचार केला. पहिला पर्याय म्हणजे घर विकून धायरी किंवा नऱ्हे भागात लहान घर घेणे आणि उरलेली रक्कम गुंतवणे. परंतु नव्या घरावरचे मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि सामानाची हलवाहलव यांत बरीच रक्कम जाते, शिवाय पत्नीचे डॉक्टर, भाजीवाले, देऊळ, शेजार हे सारे पस्तिशीपासूनचे जग सुटते. दुसरा पर्याय घर तारण ठेवून नेहमीचे कर्ज घेण्याचा होता, पण त्याचा हप्ता दुसऱ्या महिन्यापासून भरावा लागतो आणि माझ्या उत्पन्नात तो बसणारा नव्हता. तिसरा पर्याय रिव्हर्स मॉर्गेजचा. २००७-०८ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली आणि राष्ट्रीय आवास बँकेने मे २००७ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, एवढे मला कात्रणांच्या वहीमुळे ठाऊक होते. ६० वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने स्वतःच्या कमाईचे, स्वतः राहत असलेले घर बँकेकडे तारण ठेवायचे आणि बँकेने तिला दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. आपण हयात असेपर्यंत आणि त्या घरात राहत असेपर्यंत परतफेड करावी लागत नाही. पती-पत्नी दोघे कर्जदार असतील तर दोघांपैकी शेवटची व्यक्ती जाईपर्यंत कर्ज वसूल केले जात नाही.

जूनमध्ये मी बँकांच्या पायऱ्या चढू लागलो. पहिल्या शाखेत मला गृहकर्जाचा अर्ज देण्यात आला आणि माझे वय ऐकल्यावर तो परत घेण्यात आला. दुसऱ्या शाखेत योजनेचे पत्रक होते, पण प्रक्रिया कोणाला माहीत नव्हती. ‘वरून विचारून सांगतो’ या उत्तरावर पाच आठवडे गेले. तिसऱ्या, राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतल्या तरुण अधिकारी बाईंनी मात्र परिपत्रक छापून माझ्यासमोर ठेवले आणि आपणही असा अर्ज प्रथमच हाताळत असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले. आमचे काम त्यांच्यामुळेच पुढे सरकले. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी शाखेत विचारणा करून थांबू नये. त्या बँकेचे कर्जमंजुरीचे काम शहरातल्या ज्या मध्यवर्ती कक्षातून चालते तेथे थेट जावे, आणि योजनेचे परिपत्रक स्वतः छापून सोबत न्यावे.

कर्जाचे गणित समजून घेण्यासाठी मी अधिकारी बाईंसोबत दोन वेळा बसलो. या योजनेत दरमहा मिळणारी रक्कम आणि तिच्यावर चढत जाणारे व्याज यांची मुदतीअखेरची एकूण बेरीज घराच्या किमतीच्या ठरावीक हिश्शापलीकडे जाऊ नये, अशा बेताने मासिक रक्कम ठरवली जाते. आमच्या घराचे अंदाजे मूल्य ७८ लाख रुपये धरले. त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६२ लाख ४० हजार रुपये, ही मुदतीअखेरची मर्यादा होती. व्याजदर १०.५ टक्के आणि मुदत १५ वर्षे. या आकड्यांवर दरमहा १४,३७७ रुपये बसत होते. १५ वर्षांत हातात येणारी एकूण रक्कम सुमारे २५ लाख ८८ हजार रुपये आणि बाकीचे साडेछत्तीस लाख हे व्याज, हे मी जेव्हा कागदावर लिहून पाहिले तेव्हा मन थोडे खचले. चक्रवाढ व्याज एरवी ठेवीदाराच्या बाजूने काम करताना आपण पाहतो, येथे ते बँकेच्या बाजूने काम करत असते, आणि हे ज्याने त्याने स्वतः आकडेमोड करून पाहावे, दुसऱ्याच्या शब्दावर सोडू नये.

शस्त्रक्रियेसाठी २ लाख रुपये सुरुवातीलाच एकरकमी घेतले तर काय होईल, हेही विचारले. वैद्यकीय उपचारांसारख्या कारणांसाठी अशी रक्कम घेता येते. मात्र आज घेतलेले २ लाख रुपये १५ वर्षांनी त्याच दराने सुमारे ९ लाख ६० हजार रुपये होतात, त्यामुळे मासिक रक्कम १४,३७७ वरून १२,१६६ रुपयांवर येते. म्हणजे आजच्या २ लाखांसाठी पुढची १५ वर्षे दरमहा २,२११ रुपये कमी. पत्नीचे म्हणणे होते की गुडघ्यासाठी एवढी किंमत मोजू नये. मी म्हटले की चालता येत नसेल तर दरमहा येणाऱ्या पैशाचा उपयोग तरी कोणासाठी करायचा. त्यावर आमचा वाद झाला नाही, फक्त ती बराच वेळ गॅलरीत उभी राहिली. शेवटी आम्ही एकरकमी २ लाख घेण्याचे ठरवले.

तरीही मुलांशी बोलणे झाल्याशिवाय अर्ज करायचा नाही, असे आम्ही ठरवले होते. १९ सप्टेंबरला गणपती बसले. नाशिकहून मुलगी आणि बंगळुरूहून मुलगा सहकुटुंब आले होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी सगळे कागद मांडले. मुलीचा पहिला प्रश्न होता, “बाबा, म्हणजे घर गहाण टाकायचं?” मुलगा काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की तो पाठवत असलेली रक्कम वाढवेल, पण असे काही करू नका. त्याच्यावर स्वतःच्या घराचा हप्ता आणि दोन मुलांच्या शाळेचा खर्च आहे, हे मला ठाऊक होते. त्याला वाईट वाटले ते पैशांचे नव्हे, मुलगा असताना आईवडिलांना घर तारण ठेवावे लागते या गोष्टीचे. मी त्यांना तीन गोष्टी समजावून सांगितल्या. घराची मालकी आमच्याकडेच राहते, बँकेकडे फक्त तारण असते. आमच्या पश्चात वारसांना कर्ज फेडून घर सोडवून घेण्याची पहिली संधी मिळते आणि त्यांनी ते घेतले नाही तर बँक घर विकून आपले येणे वजा करते व उरलेली रक्कम वारसांना देते. आणि घराच्या विक्रीतून कर्जापेक्षा कमी रक्कम आली तरी उरलेल्या येण्यासाठी बँक मुलांच्या मागे लागू शकत नाही, ही तरतूद योजनेतच आहे. घराची किंमत १५ वर्षे अजिबात वाढली नाही असे धरले तरी मुदतीअखेर १५ लाख ६० हजार रुपये उरतात, हाही आकडा मी लिहून दाखवला. रात्री उशिरा मुलीने विचारले की आई आधी गेली किंवा तुम्ही आधी गेलात तर मागे राहणाऱ्याचे काय. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. आमचा करारनामा माझ्या एकट्याच्या नावावर आहे, त्यामुळे पत्नीला सहकर्जदार करून घेणे आवश्यक होते, नाहीतर माझ्यानंतर तिच्या राहण्याचा प्रश्न उभा राहिला असता. ती तेव्हा ६४ वर्षांची होती आणि सहकर्जदार जोडीदारासाठी असलेली वयाची अट पूर्ण होत होती.

३ ऑक्टोबरला अर्ज दिला. त्यानंतरचे चार महिने कागदांमागे गेले, आणि बँकेपेक्षा आमच्या स्वतःच्या कपाटातल्या उणिवांमुळेच अधिक गेले.

पहिली अडचण २००६ मध्ये फिटलेल्या गृहकर्जाची होती. मूळ करारनामा तेव्हाच परत मिळाला होता, पण सोसायटीच्या नोंदवहीत त्या वित्तसंस्थेचा बोजा, म्हणजे तारणाची नोंद, तसाच राहिला होता आणि कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र आमच्याकडे नव्हते. सतरा वर्षांनी ते पत्र मिळवण्यासाठी चार फेऱ्या आणि सहा आठवडे लागले. ज्यांचे कर्ज फिटले आहे त्यांनी ते पत्र घेऊन सोसायटीच्या नोंदवहीतून बोजा कमी करून घेतला आहे ना, हे आजच पाहून ठेवावे. कर्ज फिटते त्याच वेळी केले तर हे काम एका अर्जात होते.

दुसरी अडचण विवाहाच्या नोंदीची. आमचे लग्न १९८३ मध्ये झाले आणि त्याची नोंदणी कधीच केलेली नव्हती. शिधापत्रिकेवर आणि आधार कार्डावर पतीचे नाव असले तरी सहकर्जदार जोडीदारासाठी बँकेने विवाह नोंदणीचा दाखला मागितला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तीन साक्षीदार, लग्नाचे छायाचित्र, प्रतिज्ञापत्र आणि सुदैवाने बहिणीकडे जपून ठेवलेली लग्नपत्रिका घेऊन गेलो. दिवाळीनंतर दाखला हातात आला. चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्या कागदावर दोघांनी सह्या केल्या, तेव्हा पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले होते.

तिसरी अडचण सर्वांत वेळखाऊ ठरली. बँकेच्या वकिलांनी घराच्या मालकीहक्काचा तीस वर्षांचा शोध घेतला आणि १९९४ च्या करारनाम्याची मूळ नोंदणी पावती मागितली. ती सापडली नाही. हवेली येथील दुय्यम निबंधक कार्यालयातून करारनाम्याची प्रमाणित प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीच्या नोंदीचा उतारा, काढून दिले, तरी वकिलांना ते पुरेसे वाटले नाही. पोलिसांकडे ऑनलाइन गहाळ नोंद, एका मराठी दैनिकात जाहीर सूचना, हरकतींसाठी १४ दिवसांची मुदत आणि मग १०० रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र, असा क्रम सांगण्यात आला. जाहिरातीला ३,८०० रुपये लागले. आमच्या नावाने ती सूचना छापून आली त्या दिवशी ओळखीच्या दोघांनी काळजीने फोन केला, घराचा काही वाद झाला का म्हणून.

एका बाबतीत आम्ही नशीबवान होतो. आमच्या सोसायटीने २०१९ मध्ये मानीव अभिहस्तांतरण करून घेतले होते, म्हणजे जमीन बिल्डरच्या नावावर न राहता सोसायटीच्या नावावर आलेली होती. ज्या सोसायट्यांचे अभिहस्तांतरण झालेले नाही तेथील सभासदांना बँक थांबायला सांगू शकते, आणि ते काम एका सभासदाच्या हातातले नसते. त्याचप्रमाणे, इमारत तीस वर्षांच्या घरात असल्याने संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागण्यात आला. पुढे किमान २० वर्षे इमारत टिकेल असे मूल्यांकनकाराने लिहून द्यावे लागते. आमच्या समितीने उपविधीप्रमाणे तपासणी करून घेतलेली होती, म्हणून तो अहवाल दोन दिवसांत मिळाला. ना हरकत प्रमाणपत्रासाठी मात्र समितीच्या मासिक सभेची वाट पाहावी लागली. सभेत एका सभासदाने पुनर्विकासाचा प्रश्न काढला. उद्या इमारत पाडून नवी बांधायची ठरली तर तारण असलेल्या घराचे काय, ही त्याची शंका रास्त होती. मी बँकेला लेखी विचारले. पुनर्विकासाच्या करारापूर्वी बँकेची संमती घ्यावी लागेल आणि मिळणाऱ्या नव्या घरावर तोच बोजा राहील, असे उत्तर तीन आठवड्यांनी ईमेलने आले. ते मी समितीलाही दिले. पुण्यातल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न मंजुरीच्या आधी, आणि लेखीच, विचारला पाहिजे.

मूल्यांकन ८ डिसेंबरला झाले. मूल्यांकनकार वीस मिनिटांत निघून गेले, त्यांचे शुल्क जीएसटीसह ५,९०० रुपये होते. किंमत ७८ लाखच ठरली, म्हणून पूर्वीचे आकडे कायम राहिले. हे मूल्यांकन एकदाच होत नाही, निदान पाच वर्षांतून एकदा ते पुन्हा करावयाचे असते आणि त्यानुसार मासिक रक्कम बदलू शकते. वकील, मूल्यांकन, प्रक्रिया शुल्क, घराचा विमा, जाहिरात, प्रमाणित प्रती आणि गहाणाच्या नोंदीचा खर्च हे सगळे धरून आमचे पन्नास हजारांच्या आत भागले. यांतली बरीचशी रक्कम मंजुरीपूर्वीच द्यावी लागते, त्यामुळे ती बाजूला काढून ठेवावी.

२९ जानेवारी २०२४ रोजी मंजुरीपत्र आले. त्यातील एका अटीप्रमाणे आम्ही दोघांनीही इच्छापत्र करणे अपेक्षित होते. इच्छापत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, परंतु पुढे शंका राहू नये म्हणून डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि दोन साक्षीदार घेऊन आम्ही ६ फेब्रुवारीला ते नोंदवले. घरासंबंधीच्या परिच्छेदात बँकेचे येणे आधी फेडावे, असा स्पष्ट उल्लेख केला.

२० फेब्रुवारीला करारावर सह्या झाल्या. मी आदल्या दोन संध्याकाळी करार पूर्ण वाचला होता आणि समजले नाही ते प्रश्न पेन्सिलने समासात लिहिले होते. कर्ज केव्हा परत मागितले जाऊ शकते, हा भाग सर्वांनी सावकाश वाचावा. घर विकले, किंवा सलग वर्षभर त्यात राहिलो नाही, मालमत्ता कर थकवला, विमा चालू ठेवला नाही, घराची निगा राखली नाही, तर बँक कर्ज परत मागू शकते. मुलाकडे बंगळुरूला राहायला जाणे आता आम्हाला या दृष्टीने पाहावे लागेल, आणि ज्या पती-पत्नींना कायमचे वृद्धाश्रमात किंवा मुलांकडे हलावे लागण्याची शक्यता दिसत असेल त्यांनी ही योजना घेऊ नये असे मला वाटते. सही झाल्यावरही तीन कामकाजाच्या दिवसांत विचार बदलून कर्ज नाकारता येते. हा हक्क आम्हाला कोणी आपणहून सांगितला नाही, तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आम्ही ते तीन दिवस खरोखर वापरले, म्हणजे पुन्हा एकदा दोघांनी बसून सगळे बोललो.

२७ फेब्रुवारीला २ लाख रुपये आणि ५ मार्चला पहिले १२,१६६ रुपये खात्यात आले. ही रक्कम उत्पन्न नसून कर्ज असल्याने तिच्यावर आयकर लागत नाही, तशी स्पष्ट तरतूद तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(४३) मध्ये होती. तरीही बँकेच्या नोंदी वेगळ्या धारिकेत ठेवत आहे. शस्त्रक्रिया मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. रुग्णालयाचा खर्च सव्वादोन लाखांपर्यंत गेला, वरची रक्कम ठेवीतून दिली.

आता दरमहा पेन्शन, बचत योजनेचे व्याज आणि बँकेची रक्कम मिळून १८,७२६ रुपये होतात. तूट संपलेली नाही, पण ती पाच हजारांवर आली आहे. मुलाला मी पाठवणे थांबव म्हटले होते, त्याने अर्धे थांबवले. एक काळजी मात्र कायम आहे. १५ वर्षांनी, मी ८३ आणि पत्नी ७९ वर्षांची असताना, बँकेची मासिक रक्कम बंद होईल. घर सोडावे लागणार नाही, पण व्याज चढत राहील आणि घरखर्चासाठी दुसरी सोय लागेल. म्हणून बचत योजनेतल्या ६ लाखांच्या मुद्दलाला हात लावायचा नाही, असे आम्ही लिहून ठरवले आहे.

करारनामा, मंजुरीपत्र, बँकेचा तो ईमेल आणि इच्छापत्राच्या प्रती यांचा एक संच मुलीकडे आणि एक मुलाकडे दिला आहे. आमच्यानंतर त्यांना घर सोडवून घ्यायचे की नाही हे ठरवावे लागेल, म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेकडून येणे असलेल्या रकमेचा उतारा घेऊन त्याची प्रत दोघांनाही पाठवायची आहे. यंदाची पहिली प्रत गेल्या आठवड्यात टपालात टाकली.